हलकी सॅक आणि रानातला मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हलकी सॅक म्हणजे नेमकी किती किलोची?

सॅकचं एकूण वजन रोज बदलतं. अन्न संपतं, पाणी भरलं जातं, गॅस जळतो. म्हणून तुलना करतात ती ‘बेस वेट’ची: अन्न, पाणी आणि इंधन सोडून सॅकमध्ये जे काही आहे त्याचं वजन, रिकाम्या सॅकसकट. अंगावरचे कपडे, पायातले बूट आणि हातातल्या काठ्या त्यात धरत नाहीत. बेस वेट साधारण ९ किलोच्या आत असेल तर लाइटवेट, ४.५ किलोच्या आत असेल तर अल्ट्रालाइट. हे आकडे २० आणि १० पौंडांवरून आलेत, त्यामागे दुसरं काही शास्त्र नाही. ४.७ चे ४.५ करण्यासाठी औषधांची पिशवी घरी ठेवणं हा शुद्ध वेडेपणा.

चार दिवसांचा हिशेब असा: बेस वेट ६ किलो, अन्न रोज ७०० ग्रॅमप्रमाणे २.८ किलो, पाणी २ लिटर म्हणजे २ किलो, गॅसचा छोटा डबा सुमारे २०० ग्रॅम. पहिल्या सकाळी पाठीवर ११ किलो.

सुरुवात कुठून करायची? सगळं नवीन घ्यावं लागेल का?

सुरुवात स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापासून. दुकानात जायची घाई नको. सॅकमधली प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये तोला आणि यादी करा. टेंटची पिशवी, खुंट्या, चार्जरची वायर, सगळं वेगवेगळं. पाकिटावर छापलेल्या वजनावर विसंबू नका, त्यात बऱ्याचदा खुंट्या आणि पिशव्या धरलेल्याच नसतात.

ट्रेकहून परतलात की सॅक रिकामी करताना तीन ढीग करा: रोज वापरलेलं, एकदाच वापरलेलं, हातही न लावलेलं. तिसऱ्या ढिगातून औषधं, दुरुस्तीचं सामान, पावसाचे कपडे आणि एक जादा ऊबदार थर बाजूला काढा. उरलेलं पुढच्या वेळी घरी. बहुतेकांचा पहिला एक-दीड किलो इथेच उतरतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

खरं वजन लपलेलं असतं ते तीन जागी: सॅक, टेंट आणि अंथरूण-पांघरूण (स्लीपिंग बॅग व मॅट). जुन्या धाटणीच्या सामानात सॅक २.२, टेंट २.८, बॅग १.६ आणि मॅट ०.५ किलो, असे ७.१ किलो सहज होतात. तेच १.०, १.१, ०.८ आणि ०.४ वर आणले तर ३.३ किलो. टूथब्रशची दांडी कापून वाचतात पाच ग्रॅम.

बदलायचा क्रम मात्र पाळा: आधी अंथरूण-पांघरूण, मग टेंट, सॅक सर्वांत शेवटी. बाकीचं सामान किती जागा घेतं हे ठरल्याशिवाय सॅक घेतली तर ती हमखास मोठी तरी होते नाही तर लहान तरी.

आणि हलकं चालायला महागडंच सामान लागतं असं नाही. एमा गेटवुड या बाई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, एकट्याने अमेरिकेतली अख्खी ॲपलाचियन ट्रेल ही लांब पायवाट चालल्या त्या घरी शिवलेली झोळी खांद्याला लावून. पावसापासून आडोसा म्हणून त्यांच्याकडे न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता.

सॅक नीट बसली आहे हे कसं ओळखायचं?

तुमची उंची किती यापेक्षा पाठीची लांबी किती हे पाहा. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड टोचल्यासारखं वर येतं, तिथून मापाला सुरुवात करा. दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. कमरेच्या हाडांच्या माथ्यावर टेकलेल्या अंगठ्यांना जोडणारी रेषा हा दुसरा बिंदू. टेप मणक्यावरून सरळ खाली आणा. सॅकचं माप या आकड्यावरून निवडायचं.

भरलेली सॅक चढवताना आधी सगळे पट्टे ढिले करा. पहिला आवळायचा तो कमरेचा पट्टा, हाडांच्या माथ्याला मधोमध वेढणारा. पोटावर नको. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या छोट्या पट्ट्या, शेवटी छातीची पट्टी. बहुतेक भार कमरेवर आला पाहिजे. खांदे दुखत असतील तर लोक खांद्याचे पट्टे आणखी आवळतात, ते उलटं आहे. ते थोडे सैल करून कमरेचा पट्टा वर घ्या.

फ्रेम नसलेली सॅक एकूण ८-९ किलोपर्यंत ठीक. त्यावर गेलं की ती मधून बसते, पाठीला पिंपासारखी गोल टेकते आणि भार कमरेपर्यंत पोहोचतच नाही. भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू (अन्न, पाणी) पाठीला चिकटून मध्यभागी, पावसाचं जॅकेट सर्वांत वर. दोन लिटर पाणी पाठीपासून लांबच्या, बाहेरच्या खिशात टाकलं तर सॅक दिवसभर मागे ओढत राहते.

रेन कव्हर पुरत नाही का?

नाही. पाणी पाठीकडच्या बाजूने झिरपतं, कव्हर झुडपात फाटतं आणि वाऱ्याने उडून जातं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे तिच्यात. तोंड पिळून दुमडा आणि बांधा. सॅक ओली झाली तरी चालेल, झोप ओली होता कामा नये.

टेंटचं कापड कोणतं चांगलं?

सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन चिवट असतं, पण ओलं झालं की ताणतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला टेंट पावसात रात्री लोंबू लागतो, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा उठून दोऱ्या पुन्हा आवळाव्या लागतात. त्याच लेपाचं पॉलिएस्टर फार कमी ताणतं. डायनीमा या अतिशय चिवट कृत्रिम तंतूचे धागे घातलेलं डीसीएफ हे कापड सर्वांत हलकं. ते ताणत नाही, पाणीही पीत नाही, पण खूप महाग आहे, टोकदार वस्तूने भोक पडतं आणि घडी जाडजूड होते. पहिल्या टेंटसाठी पॉलिएस्टर पुरे.

ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभा राहणारा टेंट घेतला तर वेगळ्या पोलचं वजन वाचतं. एका वस्तूने दोन कामं करणं ते हेच. मात्र काठी मोडली की टेंटही गेला, आणि मुक्कामाला टेंट लावून काठ्या घेऊन आसपास फिरायला जाता येत नाही.

सकाळी टेंट आतून ओला असतो. गळतो का?

बहुधा गळत नाही. ती तुमच्याच श्वासातली वाफ आहे. रात्रभर श्वास आणि घामातून काही शे मिलिलिटर पाणी बाहेर पडतं, ते गार कापडाला लागून थेंब होतात. एका थराच्या टेंटमध्ये हे जास्त जाणवतं. पहाटे वाऱ्याच्या झोताने कापड थरथरलं की तेच थेंब तोंडावर पडतात आणि पाऊस आत आला असं वाटतं.

ओळखायचं कसं? शिवणीजवळच एका रेषेत ओल असेल तर गळती, अख्ख्या कापडावर बारीक घामासारखे थेंब असतील तर वाफ. सिलिकॉनच्या लेपाच्या टेंटला शिवणींवर सिलिकॉनचाच सीलर लागतो, दुसरा कोणताही चिकटत नाही.

वाफ कमी करायला दोन्ही टोकांच्या खिडक्या आणि वाऱ्याच्या आडोशाचं दार थोडं उघडं ठेवा, ओले कपडे आत आणू नका, पाण्याच्या काठापासून लांब आणि शक्यतो झाडाखाली टेंट लावा. तरी थोडी ओल राहतेच. बॅगचं पायाकडचं टोक तिरक्या भिंतीला टेकतं आणि तिथली आतली पिसं भिजतात. त्या टोकावर पावसाचं जॅकेट चेन लावून मोज्यासारखं चढवायचं. एक छोटा फडका जवळ ठेवून उठल्या उठल्या भिंती पुसून काढा.

टेंट कुठे लावू नये?

वाळलेल्या फांद्या किंवा मेलेलं झाड वर असेल तिथे. कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कारण पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं. डोंगराच्या उघड्या धारेवर, वीज आणि वारा दोन्हींमुळे. दगड घसरतात अशा उताराच्या पायथ्याशी. दरीच्या अगदी तळाशीही नको: रात्री गार हवा जड होऊन खाली साठते, थोडं वर चढून टेंट लावला तर रात्र बरीच सुसह्य जाते. पाण्यापासून आणि वाटेपासून ६०-७० मीटर लांब. आधीच तुडवलेली जागा असेल तर तीच वापरा, नवी गवताळ जागा मारू नका. आणि हो, आडवं पडून पाहिल्याशिवाय खुंटी ठोकू नका. डोळ्यांना न दिसणारा उतार पाठीला लगेच कळतो.

खुंटी रोवलीच जात नाही अशा जमिनीवर काय करायचं?

मऊ मातीत खुंटीचं डोकं टेंटपासून दूर झुकवून ठोका, खुंटी आणि दोरी यांच्यात काटकोन झाला पाहिजे. कातळावर दोन दगड लागतात. दोरीच्या टोकाला लांबट छोटा दगड आडवा बांधा. मग त्याच्या टेंटकडच्या बाजूला, दोरीवर, जड मोठा दगड ठेवा. दोरी ओढली की छोटा दगड मोठ्याला येऊन अडतो. सगळा ताण नुसत्या दगडाच्या वजनावर सोडण्यापेक्षा ही पकड कितीतरी पक्की. दोरी कातळाच्या धारेवर घासत नाही ना, ते बघा, नाही तर वाऱ्याच्या रात्री ती तिथेच तुटते. वाळूत किंवा बर्फात पिशवीत वाळू किंवा बर्फ भरून ती आडवी पुरा आणि वरून तुडवून घट्ट करा.

स्लीपिंग बॅगवरच्या तीन तापमानांपैकी कोणतं खरं?

आयएसओ २३५३७ या मानकानुसार चाचणी झालेल्या बॅगवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री आरामात झोपेल ते तापमान, लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम हा जीव वाचण्याचा आकडा आहे, त्यावर बॅग विकत घेऊ नका. निवड कम्फर्टवरून करा. थंडी लवकर वाजणाऱ्यांनी आणखी ५ अंश जमेस धरावेत. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बऱ्याचदा लिमिटचा असतो.

पिसांची बॅग वजनाला सर्वांत ऊबदार, पण भिजली की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. सतत ओल असलेल्या हवेत कृत्रिम भरणाची बॅग जड असली तरी भरवशाची. क्विल्ट म्हणजे बॅगऐवजी घ्यायचं पांघरूण. त्याला पाठीकडचा भाग नसतो, कारण अंगाखाली दाबलेलं भरण ऊब देतच नाही. वजन वाचतं. पण कुशीवर वळताना कडेने वारा शिरतो, म्हणून मॅटला बांधायचे पट्टे असलेलं क्विल्टच घ्या.

बॅग चांगली आहे, तरी पाठीला थंडी वाजते. का?

मॅटमुळे. जमीन अंगातली ऊब ओढून घेते आणि तिला अडवायचं काम मॅटचं. तिची क्षमता ‘आर व्हॅल्यू’मध्ये मोजतात, एएसटीएम एफ३३४० या मानकाने मोजलेली असेल तर दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येते. उबदार रात्रींना १ ते २ पुरते, गोठणबिंदूच्या आसपास ३ ते ४, बर्फावर ५ किंवा जास्त. दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. म्हणून फुगवायच्या मॅटखाली पातळ फोमची मॅट घालणं फायद्याचं: ऊब वाढते, काटा लागला तर जमिनीवर झोपायची वेळ येत नाही आणि विश्रांतीला बसायलाही तीच.

रात्री थंडी वाजू लागली तर आधी लघवीला जाऊन या, मग काहीतरी स्निग्ध खा. न गळणाऱ्या टणक बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि मांड्यांच्या मध्ये ठेवा. जॅकेट बॅगवरून पांघरा. आत घट्ट कोंबलं तर बॅगचं भरण दाबलं जातं. तोंड बॅगच्या आत घेऊन श्वास सोडू नका, ओल आतच राहते. कोणाचे हात चेन लावण्याइतके चालत नसतील, बोलणं अडखळत असेल किंवा ऊब न मिळताच थरथर थांबली असेल, तर ते साधं कुडकुडणं नाही. ओले कपडे काढून कोरड्या बॅगमध्ये घाला आणि मदत मागवा.

गॅस किती न्यायचा?

झाकण लावून, वारा नसताना, अर्धा लिटर पाणी उकळायला ७-८ ग्रॅम गॅस लागतो. १०० ग्रॅमच्या डब्यात अशी बारा आधणं होतात. एकट्याने दिवसाला तीन धरली तर चार दिवस. वाऱ्यात हाच खर्च सहज दुप्पट होतो, त्यामुळे आडोसा शोधणं हे इंधन वाचवण्यासारखंच. पत्र्याचा आडोसा डब्याला चारही बाजूंनी वेढून लावू नका, डबा तापून फुटू शकतो.

अर्धवट डब्यात किती उरलंय ते काट्यावर कळतं: भरलेल्या डब्याचं वजन तळाशी मार्करने लिहून ठेवायचं.

थंडीत ज्योत मंदावते त्याचं कारण उत्कलनबिंदू. साधा ब्युटेन उणे ०.५ अंशाला, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ अंशाला वायू होतो. डब्यात मिश्रण असतं, त्यातला प्रोपेन आधी निघून जातो, म्हणून शेवटचा पाव डबा गारठ्यात रुसतो. शिवाय गॅस निघताना डबा स्वतःच गार होतो. रात्री डबा बॅगमध्ये घेऊन झोपा, सकाळी तो थाळीतल्या कोमट पाण्यात उभा करून बर्नर पेटवा. विमानात गॅसचा डबा नेता येत नाही, हे तिकीट काढतानाच लक्षात असू द्या.

स्पिरिटचा स्टोव्ह २०-३० ग्रॅमचा असतो, पण त्याच अर्ध्या लिटरला १५ ते २० ग्रॅम इंधन पितो. एक-दोन रात्रींना तो हलका पडतो, मोठ्या ट्रेकला नाही. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. विझल्यासारखा वाटला म्हणून वरून स्पिरिट ओतलं की भडका.

पाऊस आहे, टेंटमध्ये स्वयंपाक केला तर?

करू नका. कापड पेटतं ते दिसतं तरी, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतं. तसंच प्यावं का?

स्वच्छ दिसण्याचा आणि निर्धोक असण्याचा काही संबंध नाही. उकळणं सर्वांत खात्रीचं: खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. ०.१ मायक्रॉनचा पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो. विषाणू त्याहून बारीक, ते निसटतात. वर माणसांची वस्ती असेल तर गाळल्यावर क्लोरीन डायऑक्साइडची गोळीही टाका. तिला साधारण अर्धा तास लागतो, क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी मात्र चार तास. शेतातली कीटकनाशकं किंवा खाणीचं पाणी यांवर यातला कोणताच उपाय चालत नाही, तो पाणवठा सोडून द्या.

फिल्टर एकदा गोठला की संपला. आतले तंतू तडकतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही, पाणी नेहमीसारखंच येत राहतं. थंडीत दिवसा खिशात, रात्री बॅगमध्ये. प्रवाह मंद झाला की स्वच्छ पाण्याने उलट दिशेने जोरात धुवा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कच्च्या पाण्याची बाटली आणि प्यायची बाटली यांची सरमिसळ. कच्च्या बाटलीला रंगीत टेप गुंडाळा.

अन्न किती, आणि रात्री कुठे ठेवायचं?

दिवसाला ६०० ते ८०० ग्रॅम कोरडं अन्न. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. सुकामेवा आणि तेल वाढवलं की तेवढ्याच कॅलरी कमी वजनात मिळतात. ग्रॅममागे सरासरी साडेचार कॅलरी जमल्या तरी उत्तम. पाकिटांची खोकी घरीच काढून टाका.

स्वयंपाक टेंटपासून ६० मीटर लांब करा. अन्न, टूथपेस्ट, साबण आणि कचरा असं वासाचं सगळं एका पिशवीत, टेंटबाहेर. ती फांदीवर जमिनीपासून साधारण ४ मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगा. अस्वलांच्या प्रदेशात टणक डबा सक्तीचा असेल तर त्याचं एक किलो वजन निमूट वाहायचं. सॅकमध्ये राहिलेल्या एका बिस्किटासाठी उंदीर नव्या सॅकला भोक पाडतो.

शौचाची व्यवस्था?

पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून ६०-७० मीटर, म्हणजे ८० मोठी पावलं. काळ्या, सेंद्रिय मातीत १५-२० सेंटीमीटर खोल आणि १०-१५ सेंटीमीटर रुंद खड्डा. जास्त खोल खणलं तर उलट कुजायला वेळ लागतो, कारण कामाचे जिवाणू वरच्या थरात असतात. काम झालं की काडीने माती मिसळा, बुजवा, वर पाचोळा. खड्डा आधी खणून ठेवा, घाईच्या वेळी कोणाच्याच हातून १५ सेंटीमीटर होत नाहीत. पाणी वापरणाऱ्यांनी वेगळी बाटली न्यावी, ओढ्यात धुणं नाही. कागद आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, दुहेरी पिशवीत घालून परत आणायचे. बर्फात आणि कातळावर काहीच कुजत नाही, तिथे विष्ठाही परत आणावी लागते.

हात आणि भांडी धुतानाही तेच अंतर. ‘निसर्गात कुजून जाणारा’ साबणसुद्धा मातीतच कुजतो, पाण्यात नाही.

शेकोटी?

परवानगी असेल आणि जुनी जागा तयार असेल तर मनगटाहून बारीक, पडलेल्या काटक्यांची. राखेत हात घालता येईल इतकी विझवा. शक्य असेल तर नकोच.

जड बूट की हलके शूज?

पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, म्हणून ते पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. सॅक हलकी असेल आणि वाट मळलेली असेल तर जाळीचे ट्रेल शूज बरे, भिजले तरी चालता चालता वाळतात. वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी शिरलं की ते आतच राहतं. बर्फ, सुटे धोंडे किंवा जड ओझं असेल तर मात्र बूट. माप संध्याकाळी घ्या, पाय सुजलेले असतात. टाचेला चुरचुरलं की त्याच क्षणी थांबून टेप लावा, पुढच्या मुक्कामापर्यंत फोड तयार असतो.

वजन कुठे वाचवू नये?

हेडटॉर्च, कोरडे मोजे, कागदी नकाशा आणि होकायंत्र, प्रथमोपचार, पावसाचं जॅकेट. फोनवर नकाशे घेतले असले तरी थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. नेटवर्क नसलेल्या भागात ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारं यंत्र) उपयोगी, पण आधी नोंदणी केलेली हवी आणि वर मोकळं आकाश हवं.

परत आल्यावर सामान कसं ठेवायचं?

टेंट त्याच दिवशी उघडून सावलीत वाळवा, उन्हाने कापड कमजोर होतं. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते, आणि पॉलियुरेथेनचा लेप काही काळाने चिकट होऊन पापुद्रे सोडतो. त्याचा आंबूस वास आला की लेप गेला समजा. स्लीपिंग बॅग दाबून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. फुगवायच्या मॅटची झडप उघडी राहू द्या. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवा.